कंट्रोल नंबर चार

काचेची नळी पेशीला टेकायच्या बेतात आली आणि निशिगंधाची उजवी करंगळी नॉबवरून उचलली गेली. फार नाही, तांदळाच्या दाण्याच्या जाडीइतकी. ती तशीच अधांतरी राहिली. नळीचं टोक पेशीच्या आवरणाला लागलं, निशिगंधानं ओठांत धरलेल्या रबरी नळीतून हलकासा श्वास आत ओढला, पडद्यावरची थरथरती रेघ सपाट झाली, आणि मग करंगळी सावकाश खाली आली.

"बसलं सील, मॅडम."

"छान," ऋजुता लोटलीकर म्हणाली. ती निशिगंधाच्या मागे, खुर्चीची पाठ धरून उभी होती. पडद्याकडे तिचं लक्षच नव्हतं.

ती करंगळी तिची होती.

लहानपणी चिपळूणला चुलतभावाच्या सायकलच्या चेनमध्ये ऋजुताचं बोट सापडलं होतं. डॉक्टरांनी टाके घातले, पण आतला स्नायुबंध नीट जुळला नाही. करंगळीचं शेवटचं पेर तेव्हापासून ताठच राहिलं. पुढे संशोधनात आल्यावर, नॉब केसभर फिरवायचा असला की ते ताठ बोट बाकीच्या बोटांना ओढून धरायचं. म्हणून ऐन वेळी ते उचलायचं, हे तिच्या हातानं केव्हातरी आपलं आपण ठरवून टाकलं. तिला ते ठाऊकही नव्हतं. एका विद्यार्थ्यानं गंमत म्हणून व्हिडिओ काढला तेव्हा तिला कळलं. तिनं ते कुणाला शिकवलं नव्हतं. शिकवण्यासारखं त्यात काही नव्हतंच. जुन्या दुखापतीनं हाताला लावलेली ती एक खोड होती.

आणि उदगीरहून आलेली, दहाही बोटं धडधाकट असलेली ही मुलगी याच महिन्यात प्रयोगशाळेत दाखल झाली होती. तिनं ऋजुताला काम करताना एकदाही पाहिलेलं नव्हतं. पाहणार तरी कशी? ऋजुता कित्येक महिने रिगवर, म्हणजे सूक्ष्मदर्शक आणि नळी हलवणाऱ्या नॉबच्या या टेबलावर, बसलेलीच नव्हती.

जिवंत चेतापेशीला काचेची नळी चिकटवून तिचं बोलणं ऐकायचं, हे ऋजुताचं काम. नळीचं टोक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही इतकं बारीक. मेंदूच्या पातळ कापातून, पेशीला धक्का न लावता, ते तिच्या आवरणापर्यंत न्यायचं आणि तोंडानं इतकंच ओढायचं की आवरण टोकाला घट्ट चिकटेल, म्हणजे सील बसेल, पण फाटणार नाही. कोवळ्या मेंदूत हे काम आता यंत्रं करत. म्हाताऱ्या उंदराचा मेंदू मात्र चिवट आणि गढूळ; तिथे यंत्रं अजून चाचपडत. तिथे माणूसच लागे, आणि तोही हात असलेला. "हिला हात आहे," असं या कामातले लोक म्हणतात आणि त्यापुढे काही बोलत नाहीत. काहींना तो वर्षभरात येतो, काहींना चार वर्षं घासूनही येत नाही. ऋजुताला होता. गेल्या वर्षी तो थरथरायला लागला. चहाचा कप उचलताना नाही, लिहिताना नाही. फक्त नॉबवर बोटं ठेवली की. डॉक्टर म्हणाले, एकच बारीक हालचाल आयुष्यभर करणाऱ्यांना असं होतं, वादकांना होतं, घड्याळजींना होतं. ऋजुतानं कुणाला सांगितलं नाही. "आता मुलांना संधी द्यायची," असं म्हणून ती रिगवरून उठली होती.

"हे तू आधी कुठे शिकलीस?" तिनं विचारलं.

"हस्तांतरमध्ये, मॅडम. हल्ली शिष्यवृत्तीतच बसतं ते."

"ठसा कुणाचा होता?"

"सांगत नाहीत ना. 'तज्ज्ञ क' एवढंच. आम्ही सगळे गुरुजी म्हणायचो." निशिगंधाला हसू आलं. "हात हलला की म्हणायचो, आज गुरुजी रागावलेत. खरं सांगू मॅडम, कॉलेजात माझ्या हातून रोज काहीतरी फुटायचं. आई अजून मला दुधाचं पातेलं उचलू देत नाही. तिला हे दाखवलं पाहिजे."

"करंगळी का उचलतेस?"

निशिगंधानं आपल्या हाताकडे पाहिलं. "कुठे उचलते?"

*

हस्तांतर ही मनवा करमरकरची कंपनी, आणि मनवा ही ऋजुताची एम.एस्सी.च्या होस्टेलपासूनची मैत्रीण.

मनवाची कल्पना ऐकायला साधी होती. कौशल्य हाताच्या स्नायूंत नसतं. ते डोक्याच्या मागच्या बाजूला, लहान मेंदूत असतं, आणि तिथे ते वेळापत्रकासारखं असतं: कोणता स्नायू कधी आवळायचा, कधी सोडायचा, चूक घडायच्या आधीच ती कशी सावरायची. सगळा कारभार सेकंदाच्या बारीक तुकड्यांत. हे वेळापत्रक डोक्यावर टोपी चढवून बाहेरून वाचता आलं, आणि नवखा माणूस सराव करत असताना त्याच्या लहान मेंदूला नेमक्या त्या त्या क्षणी अल्ट्रासाउंडच्या टिचक्या देता आल्या, तर एकाचं वेळापत्रक दुसऱ्यात उमटेल. सुरुवातीला लोक हसले. मग एका नामांकित सर्जनचा टाका त्याच्या शिकाऊ डॉक्टरांच्या हातात जसाच्या तसा उतरला आणि हसणं बंद झालं. ठसा कायमचा नसे; अधूनमधून उजळावा लागे, नाहीतर विरून जाई. पण आता शहरात चौकाचौकात केंद्रं निघाली होती. दंतवैद्य येत, जरीकाम शिकणाऱ्या मुली येत, तबल्याचे क्लासवाले येऊन भांडून जात.

हे यंत्र बाल्यावस्थेत असताना मनवाच्या प्रयोगशाळेत एक रिवाज होता: ज्याचा हात रिकामा, तो कंट्रोल. रुग्णांकडून रीतसर संमती घेतली जाई, समितीची परवानगी लागे. पण तुलनेला निरोगी माणूस हवा असला की घरचंच कुणीतरी बसे. मनवा स्वतः बसे, तिची असिस्टंट बसे, शिपाई पोपटराव बसत. कोण कुणाची संमती घेणार? ऋजुता तर दुसऱ्या संस्थेतली, तरी ती हक्काची. तिच्या रिगशेजारी मनवानं आपली टोपी आणून ठेवली होती. टोपी सैल व्हायची म्हणून मनवा ती परकराच्या नाडीनं ऋजुताच्या हनुवटीखाली बांधायची आणि म्हणायची, "बाशिंग बांधलंय, आता हलू नकोस." दोन हिवाळे ऋजुतानं डोक्याला ती नाडी बांधून आपलं नेहमीचं काम केलं. नोंदीत तिचं नाव कंट्रोल नंबर चार.

कंपनी निघाली तेव्हा मनवानं विचारलं होतं, "देतेस का हात?"

ऋजुता म्हणाली होती, "बघू."

पुढच्या दिवाळीलाही तिनं विचारलं. ऋजुता बघूच म्हणाली. नाही म्हणावं तर मैत्रीण दुखावेल, आणि हो म्हणायला जीभ रेटत नव्हती. का रेटत नव्हती, ते तिला नीट सांगता आलं नसतं. त्यानंतर मनवानं विचारणं सोडून दिलं, आणि ऋजुताला सुटल्यासारखं वाटलं होतं.

*

मनवा संस्थेच्या कॅन्टीनमध्ये आली ती नेहमीसारखी घाईत, दोन क्रीमरोल आणि दोन चहा हातात घेऊनच.

"तज्ज्ञ क म्हणजे मीच का?" ऋजुतानं विचारलं.

मनवानं क्रीमरोलचा तुकडा मोडला. तो तोंडात न घालता बशीत ठेवला.

"कधी विचारशील याची वाट बघत होते," ती म्हणाली.

"मी बघू म्हणाले होते."

"अगं, तुझं बघू म्हणजे होच असतं. मला काय आजचं माहीत आहे? तू लग्नालासुद्धा बघूच म्हणाली होतीस."

"लग्न केलं नाही मी, मने."

मनवाचा आवाज उतरला. "आठ जणांचे हात घेतले होते आम्ही. रीतसर, सह्या घेऊन. एकाचाही ठसा म्हाताऱ्या मेंदूवर चालेना. कंपनी बंद व्हायची वेळ आली होती. तुझं जुनं रेकॉर्डिंग पडून होतं. म्हटलं, नुसतं चालवून बघू. पहिल्याच पोराच्या हातात तू उतरलीस. रडले गं मी."

"आणि मला फोन नाही केलास."

"तू नाही म्हणाली असतीस तर?"

हे ती अगदी सरळपणे म्हणाली. शेजारच्या टेबलावरची मुलं कसल्यातरी परीक्षेच्या पेपरवरून हुज्जत घालत होती.

"करंगळी तरी काढायचीस," ऋजुता म्हणाली.

"काढून बघितली. ती काढली की सीलच बसत नाही. तुझं सगळं त्या एका बोटाभोवती विणलेलं आहे." मनवा पुढे झुकली. "आणि एक सांग. देवस्थळी सरांकडून तू शिकलीस, तेव्हा त्यांची परवानगी घेतली होतीस? नळी बदलताना दोनदा टिचकी मारतेस, ती कुणाची?"

"सरांची."

"मग?"

"सर शेजारी उभे असायचे. ते देत होते, आणि त्यांना ते माहीत होतं."

"मुलांचं भलं झालं ना पण. जिला पातेलं धरता येत नव्हतं ती पोरगी आज तुझ्यासारखं काम करते. नाव नव्हतं दिलं तुझं, हे माझं चुकलं. देऊ आता. मोठ्या अक्षरात देऊ." मग तिनं टेबलावरचा ऋजुताचा उजवा हात आपल्या हातात घेतला. "मला हेही माहीत आहे. माझ्या भाचीच्या बारशाला तू कानातल्याची फिरकी स्वतः न फिरवता माझ्या हातात दिली होतीस. तेव्हाच कळलं. ऋजू, तुझा ठसा तुझ्यावरच उमटवू. परक्याचा हात परक्याला बसतो, तर तुझा तुला का नाही बसणार? थरथर जाईल. परत रिगवर बसशील. फक्त आता तरी हो म्हण, म्हणजे मागचं पुढचं सगळं सरळ होईल."

ऋजुतानं हात सोडवून घेतला नाही. नॉबचा थंड, बारीक खाचांचा स्पर्श तिला एकदम आठवला, आणि नळी पेशीला टेकते त्या क्षणीची ती शांतता.

"बघू," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला स्वतःचा राग आला.

*

घरी लसूण सोलताना ती आपल्याच हातांकडे बघत बसली. पाकळी अंगठ्यानं दाबून साल सैल करायची ही आईची रीत. ओला हात पदराऐवजी कोपराजवळ पुसायचा, ही होस्टेलची, बहुधा मनवाचीच. टिचकी सरांची. एकेक करून काढून ठेवत गेलं तर तळाशी तिचं असं काय उरेल? कदाचित ते ताठ पेर. कदाचित तेही चुलतभावाच्या सायकलचं.

मग मनवानं काय चोरलं? ऋजुताला वाटलं होतं, हाताबद्दल वाईट वाटेल. पण खुपत होतं ते वेगळंच. मनवा तिला पुरेपूर ओळखत होती. ती नाही म्हणेल हे तिला आधीच ठाऊक होतं, आणि म्हणूनच तिनं विचारलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या ओळखीचा मनवानं उपयोग केला तो नेमका तिला वगळण्यासाठी.

आणि तरीही ताट धुताना ऋजुता हिशेब करत होती, की परीक्षा संपून सुट्टी लागली की पंधरवडा मोकळा मिळेल.

*

त्या आठवड्यात तिनं निशिगंधाला म्हाताऱ्या उंदराच्या मेंदूचा काप दिला आणि शेजारी स्टूल ओढून बसली.

हे काम ऋजुताच्या जिव्हाळ्याचं होतं. तिचं नाव झालं ते याच शोधामुळे: म्हाताऱ्या मेंदूतल्या पेशी आपण समजतो तशा मंदावत नाहीत, त्या शेवटपर्यंत तरुण पेशींच्याच लयीत बोलतात. वार्धक्याच्या औषधांची दिशा त्यामुळे बदलली होती. सुरुवातीला काही जणांनी शंका घेतली. तुम्ही धडधाकट पेशीच तेवढ्या निवडत असाल, असं ते म्हणाले. ऋजुतानं उत्तर दिलं होतं: तुम्ही स्वतः करून बघा. मग बंगळूरच्या प्रयोगशाळेनं करून बघितलं, हैदराबादच्याही. दोघांनाही तंतोतंत तेच मिळालं. त्या दिवशी तिनं आख्ख्या मजल्याला जिलेबी वाटली होती.

पडद्यावर करड्या धुक्यात पेशी दिसत होत्या. काही टपोऱ्या, कडा चकाकणाऱ्या. काही चपट्या, मळकट. निशिगंधाची नळी एका चपट्या पेशीपाशी गेली, घुटमळली आणि बाजूच्या टपोऱ्या पेशीकडे वळली.

"ती का सोडलीस?"

"कोणती?"

"डावीकडची."

"सोडली का मी? माहीत नाही मॅडम. हात गेला नाही."

"आता मुद्दाम तिच्यावर जा."

निशिगंधा गेली. नळी पेशीजवळ आली आणि तिचा हात अडला. पुन्हा गेली, पुन्हा अडला. तिच्या कपाळावर घाम आला. "गुरुजी नको म्हणतायत," ती ओशाळून म्हणाली.

ऋजुता स्टुलावर ताठ झाली. कधी पुढे जायचं हे वेळापत्रकात होतं, तसं कधी माघार घ्यायची हेही होतं. तिचा स्वतःचा हात आयुष्यभर चपट्या पेशींपासून मागे सरत आला होता आणि तिला ते कधी कळलं नव्हतं. टपोऱ्या पेशी म्हणजे म्हातारपणातही टिकून राहिलेल्या पेशी. त्या तरुणांसारख्या बोलतील नाही तर काय?

"निशिगंधा, तुझ्या बॅचमधली मुलं कुठे कुठे गेली?"

"एक बंगळूरला, दोघं हैदराबादला. सगळे तुमच्याच विषयात, मॅडम. म्हाताऱ्या मेंदूवर चालणारा दुसरा ठसाच नाही ना. आमच्या आधीची बॅचही तिकडेच गेली."

बंगळूर. हैदराबाद. तिच्या शोधाला दुजोरा देणारे ते दोन परके, निष्पक्ष हात तिचेच होते. तिनं जगाला विचारलं होतं, मी म्हणते ते खरं आहे का, आणि आतल्या खोलीतून तिच्याच आवाजात उत्तर आलं होतं. त्यावर तिनं जिलेबी वाटली होती.

*

मनवा सुट्टीच्या पहिल्या दिवशी सकाळीच टोपीची पेटी घेऊन प्रयोगशाळेत आली. तिनं ती रिगशेजारी उघडली. नवी टोपी हलकी होती, नाडीची गरज नसलेली.

"बस," ती म्हणाली. "आज फक्त माप घेऊ. निशिगंधा, ती वायर दे गं. आज तुझ्या गुरुजींना त्यांचा हात परत देतोय आपण."

निशिगंधा वायर हातात धरून तशीच राहिली. ती आधी मनवाकडे आणि मग ऋजुताकडे बघत होती.

"तिला माहीत नव्हतं, मनवा," ऋजुता म्हणाली.

"आता झालं ना माहीत. अभिमानच वाटेल तिला."

ऋजुता बसली नाही. तिनं मनवाला चपट्या पेशींबद्दल सांगितलं, बंगळूर आणि हैदराबादबद्दल सांगितलं. आवाज न चढवता, वर्गात सांगावं तसं, एकेक पायरी. मनवा हुशार होती. तिला अर्ध्यातच कळलं. तिनं टोपी पेटीच्या काठावर ठेवली.

"हे कुणाला बोललीस?"

"अजून नाही."

"मग नको बोलूस. हळूहळू सुधारू. चपट्या पेशींवर चालणारा दुसरा हात शोधू, दोन्ही ठसे मिसळू. वर्ष लागेल. तेवढं थांब."

"वर्षभरात आणखी किती लॅबमध्ये मी असेन?"

"ऋजू, तू काय करायला निघालीस ते कळतंय का तुला? तुझा शोध जाईल."

"जाईलच असं नाही. पण तो उभा आहे असं मला आज म्हणता येत नाही."

"आणि हात? देणाऱ्यानं ठसा मागे घेतला तर तो पुसावाच लागेल. नियम तुलाही माहीत आहे, एक प्रतसुद्धा ठेवता येत नाही. नवा घ्यायचा तर आता तुझा हात..." मनवा थांबली. "तुझ्यासाठीही काही उरणार नाही. मी तुझ्यासाठी आणली होती ही टोपी. खरंच तुझ्यासाठी."

ते खरं होतं, हे ऋजुताला दिसत होतं. मनवाचे डोळे भरून आले होते. इतक्या वर्षांत तिनं मनवाला दोनदाच तसं पाहिलं होतं. ते खोटं असतं तर किती सोपं झालं असतं.

"मॅडम," निशिगंधा म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "ठसा विरला की मला किती येईल?"

"माहीत नाही," ऋजुता म्हणाली. "कदाचित थोडंफार राहील. कदाचित काहीच नाही. मी शेजारी बसेन. माझा हात आता दाखवण्यासारखा राहिलेला नाही, पण तुझा कुठे चुकतो ते मला दिसेल. वर्ष जाईल, दोन जातील. नाही जमलं तर तसं मी तुला स्पष्ट सांगेन."

निशिगंधानं वायर टेबलावर ठेवली आणि खाली मान घालून तिथेच उभी राहिली. ती रागावली होती की घाबरली होती, ते कळत नव्हतं. तिला रागावण्याचा हक्क होता.

"बघ, पोरीचंही नुकसान करतेयस," मनवा म्हणाली. "कुणाचं भलं होणार आहे यातून? मी चुकले, मान्य. माफी मागते. हवं तर सगळ्यांसमोर मागते. पण एकदा शांतपणे विचार कर. आत्ता उत्तर देऊ नकोस. चार दिवसांनी सांग. नेहमीसारखं बघू म्हण, मी थांबते."

ऋजुतानं रिगकडे पाहिलं. मायक्रोस्कोपचा दिवा चालूच होता आणि त्याखाली सकाळचा काप हळूहळू मरत होता. तिनं हात पुढे करून दिवा बंद केला.

"नाही," ती म्हणाली. "मी हात देत नाही, मनवा. सगळीकडून पुसून टाक."